घुणाक्षरें

संस्कृत शिकविणाऱ्या मास्तरांस जे न्याय मुलांना समजावून देतांना फारसे श्रम पडत नाहींत, त्यांपैकीं घुणाक्षरन्याय हा एक होय. घुण म्हणजे लांकूड पोखरणारा किडा. तो आपल्या पोटासाठीं लांकडांत वांकडेतिकडे मार्ग कोरीत जातो, आणि त्या कोरण्यांत एखादे वेळीं अक्षराची आकृति उमटते. किड्यास अक्षर ठाऊक नाहीं, लिहिण्याचा त्याचा हेतु नाहीं. तरी अक्षर उमटलें. अशा रीतीनें अकल्पित घडून आलेल्या गोष्टीस हा न्याय लावावा, असें मीं तीस वर्षें फळ्यावर लिहून दिलें. परंतु खरें घुणाक्षर मीं जन्मांत पाहिलें नव्हतें. तें पाहण्याचा योग आला तो निवृत्तीनंतर, २०१६ सालीं, आणि तोहि सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंतील मिनिआपोलिस नगरांत. तें अक्षर वाचतांना माझ्याकडून दोन चुका झाल्या. मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानें स्वतःच्या चुका झांकून ठेवणें बरें नव्हे; म्हणून या महिन्याचें पान त्यांस देत आहें.

आमचे धाकटे चिरंजीव त्या नगरांत कुटुंबासह राहतात. सौ. व मी पाडव्याच्या सुमारास तेथें पोंचलों. बर्फ नुकतेंच वितळलें होतें व झाडांवर पान नव्हतें. घरापुढील रस्त्याच्या दोहों बाजूंस एकाच जातीचीं उंच झाडें ओळीनें उभीं होतीं. नातीनें त्यांचें नांव सांगितलें, अॅश. पुढें पुस्तकांत पाहिलें तों कळलें कीं, हा वृक्ष आपल्या जाईजुई, मोगरा व पारिजातक यांच्याच कुळांतला आहे. फुलांस सुगंध नाहीं. पण लांकूड पांढुरकें, सरळ धाग्याचें व चिवट. हत्यारांचे दांडे आणि त्या लोकांच्या बेसबॉल खेळाच्या बॅटी त्याच्या होतात. आपल्या हिमालयांतहि या वृक्षाच्या कांहीं जाती आहेत.

खिडकीसमोरच्या झाडावर रोज सकाळीं सुतारपक्षी येत. खोडाची वरची करडी साल उडवून त्यांनीं झाडाचा वरचा अर्धा भाग पिवळट पांढरा करून टाकला होता. स्नानसंध्या आटोपून मी चहाचा पेला घेऊन खिडकीशीं बसें आणि त्यांची टकटक ऐकें. एके दिवशीं मीं सूनबाईस कौतुकानें म्हटलें, "एवढे पक्षी ज्या झाडास धरून राहतात, तें झाड भाग्यवान्." सूनबाई कांहीं बोलली नाहीं, तिनें चिरंजीवांकडे पाहिलें. ते हळूच म्हणाले, "अण्णा, तें भाग्य नव्हे. आंत अळ्या आहेत म्हणून पक्षी येतात. हें झाड यंदा जाणार." ही माझी पहिली चूक. झाडाच्या मरणाची दवंडी पिटली जात होती, आणि मी ती मंगलवाद्यें समजून ऐकत होतों.

आठ दिवसांनीं नगराच्या उद्यान मंडळाचा एक मनुष्य आला. त्यानें पटाशीनें तळहाताएवढी साल सोलून आम्हांस आंतला भाग दाखविला. सालीखालच्या लांकडावर भुश्यानें भरलेल्या बारीक वळणावळणाच्या वाटा होत्या. एकच वळण पुन्हां पुन्हां. पाटी गिरविणाऱ्या मुलानें एकच अक्षर पाटीभर काढावें तशा. नात म्हणाली, "आजोबा, हा तर इंग्रजी एस!" मला मात्र तो आपला अवग्रह दिसला, ऽ असा. ज्यांनीं संस्कृत वाचलें आहे त्यांस सांगावयास नको कीं, अवग्रह ही लोप पावलेल्या अकाराची खूण असते. जें येथें होतें तें गेलें, एवढेंच तो सांगतो. येथें तो खोडभर लिहिलेला होता.

हें लिहिणारा किडा म्हणजे एक लहानसा भुंगेरा. इंग्रजींत त्यास एमराल्ड अॅश बोरर म्हणतात. आपण पाचूभुंगेरा म्हणूं. लांबी फार तर अर्धा इंच, रंग धातूसारखा चकाकणारा हिरवा. उन्हाळ्याच्या आरंभीं मादी सालीच्या भेगांत अंडीं घालते. सुमारें दोन आठवड्यांत अळी निघते ती थेट आंत शिरते आणि साल व लांकूड यांमधील जिवंत थर खाऊं लागते. पानांत तयार झालेलें अन्न मुळांकडे जाण्याचा मार्ग तोच. अळीची प्रत्येक वाट त्या मार्गास आडवी जाते. अशा शेंकडों वाटा झाल्या म्हणजे वरचें अन्न खालीं येत नाहीं, शेंडा वाळूं लागतो, आणि तीन ते पांच वर्षांत मोठा वृक्ष उभ्याचा उभा मरतो. पूर्ण वाढ झालेला भुंगेरा सालीस अर्धचंद्राकृति भोंक पाडून बाहेर पडतो. तें भोंक अवघें दीड रेघेएवढें, जमिनीवरून सहसा दिसत नाहीं. झाडाच्या शेंड्यावर दुखण्याची खूण दिसते तोंवर आंत दोन-तीन वर्षें गेलेलीं असतात. या रोगाची सारी अडचण येथें आहे.

हा कीटक मूळचा ईशान्य आशियाचा. चीन, कोरिया व रशियाचा पूर्व भाग हें त्याचें माहेर. फेअरमेअर नांवाच्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानें १८८८ सालीं त्याचें वर्णन करून ठेविलें होतें. माहेरीं तो फारसा उपद्रवी नाहीं. तेथील अॅश वृक्ष हजारों वर्षें त्याच्याबरोबर वाढले, त्यांनीं आपलें संरक्षण शिकून घेतलें; शिवाय त्याच्या अंड्यांवर व अळ्यांवर जगणारे त्याचे शत्रुहि तेथेंच आहेत. अमेरिकेंतील वृक्षांस मात्र हा पाहुणा अनोळखी. डेट्रॉइटजवळ २००२ सालीं तो ओळखला गेला. परंतु मालाच्या लांकडी खोक्यांतून त्याच्या आधीं निदान दहा वर्षें तो उतरला असावा असें तज्ज्ञ मानतात. त्यानंतर त्यानें कोट्यवधि झाडें मारलीं. मिनेसोटा राज्यांत सुमारें शंभर कोटि अॅश वृक्ष आहेत. तेथें तो २००९ सालीं सेंट पॉल येथें आणि पुढच्या वर्षीं शेजारच्या मिनिआपोलिसमध्यें सांपडला.

येथें वाचक विचारतील कीं, एका कीटकानें एका जातीचीं झाडें मारलीं तर सगळें नगर उघडें कां पडावें? याचें उत्तर कीटकाकडे नाहीं, माणसाकडे आहे. या शतकापूर्वीं तेथील रस्त्यांवर एल्म वृक्षांच्या कमानी होत्या. एक बुरशी, जी लहान भुंगेऱ्यांच्या अंगावरून झाडोझाडीं जाते, तिनें १९७० नंतरच्या दशकांत मिनिआपोलिस व सेंट पॉल येथील हजारों एल्म नेले. रिकाम्या जागीं काय लावावें? अॅश लवकर वाढतो, थंडी सोसतो, रस्त्याकडेची वाईट माती चालवून घेतो. मग गल्लीच्या गल्ली अॅश लावला. एका जातीवर विसंबून हात पोळले असतांना दुसऱ्या एका जातीवर पुन्हां तसाच विश्वास टाकला! फ्रँक सँटामोर नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९९० सालीं नगरांसाठीं एक सुटसुटीत नियम सांगितला: एका जातीचीं झाडें शंभरांत दहांहून अधिक नसावींत, एका गणाचीं वीसांहून, व एका कुळाचीं तीसांहून अधिक नसावींत. परंतु तोंवर अॅशची सांवली दाट झाली होती.

आतां उपाय. ते तीन प्रकारचे आहेत, आणि कोणताहि एकटा पुरा पडत नाहीं.

पहिला, झाड काढणें. मिनिआपोलिसच्या उद्यान मंडळानें ठरविलें कीं, रस्त्यांवरील व उद्यानांतील मिळून सुमारें ४०,००० अॅश आठ वर्षांत क्रमाक्रमानें काढावे आणि जागोजाग निरनिराळ्या जाती लावाव्या. धडधाकट झाडें तोडतांना लोकांस दुःख झालें. तथापि मेलेला अॅश फार लवकर ठिसूळ होतो. त्यावर चढणाऱ्या मनुष्यास व खालून जाणाऱ्या मुलास तो धोक्याचा असतो, आणि हजारों झाडें एकाच वर्षीं मेलीं तर कोणत्याहि नगरास तीं आंवरत नाहींत.

दुसरा, औषध. खोडाच्या बुंध्याशीं लहान भोंकें पाडून एमामेक्टिन बेंझोएट नांवाचें औषध दाबानें आंत सोडतात. तें रसाबरोबर फांद्यापानांत चढतें व अळ्या मरतात. एकदां दिलेली मात्रा दोन वर्षें, कधीं तीन वर्षें पुरते. मात्र पानोऱ्याचा तिसरा हिस्सा वाळण्यापूर्वींच तें दिलें पाहिजे. नंतर मुळांकडून औषध वर चढविण्याइतकी शक्ति झाडांत उरत नाहीं. कॅनडांत याच कामासाठीं कडुनिंबाच्या बियांतून काढलेलें द्रव्यहि वापरतात, हें वाचून आपल्या परसांतला निंब मला एकदम थोर वाटूं लागला. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यांतील मिलवॉकी नगरानें हा दुसरा मार्ग धरला. तेथें २००९ पासून रस्त्यांवरील सुमारें २८,००० झाडांस आळीपाळीनें औषध देण्याचा क्रम सुरू झाला. दोन नगरें, एकच शत्रु, दोन निर्णय. आणि दोहोंच्याहि बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे.

तिसरा उपाय शत्रूचा शत्रु शोधण्याचा. चीनमधून गांधीलमाशीच्या कुळांतील अगदीं बारीक, न चावणाऱ्या माश्या आणून २००७ पासून सोडण्यांत आल्या. त्यांतील एक इतकी लहान कीं भुंगेऱ्याच्या अंड्यांत ती आपलें अंडें घालते. दुसऱ्या अळ्यांवर जगतात. त्यांच्यामुळें आज रस्त्यावर उभा असलेला मोठा वृक्ष वांचत नाहीं. परंतु रानांत नव्यानें उगवणाऱ्या रोपांस वाढण्याची संधि मिळते. शिवाय तेथील मूळची एक गांधीलमाशी खेळाच्या मैदानांतील वाळूंत घर करते व आपल्या पिलांसाठीं हिरवे भुंगेरे धरून आणते. मिनेसोटांत हौशी लोक मैदानाकडेला बसून ती काय घेऊन येते तें पाहतात, आणि पाचूभुंगेरा दिसला कीं त्या भागांत तो आल्याची वर्दी मिळते.

असो. एप्रिलच्या अखेरीस आमच्या दारचें झाड तोडलें गेलें. येथें माझी दुसरी चूक आरंभ होते, व ती पहिलीपेक्षां मोठी आहे.

चिरंजीवांचे एक मित्र उत्तरेकडे दूरच्या एका जिल्ह्यांत राहतात. घरांत जळती शेगडी आहे. ते आले असतां मीं म्हटलें, "एवढें लांकूड फुकट जातें आहे, मोटारींत भरून न्या." आमच्या पिढीस जळाऊ लांकूड टाकून देणें म्हणजे शिजलेलें अन्न टाकून देण्यासारखें वाटतें. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, त्या जिल्ह्यांत अजून कीड पोंचलेली नाहीं. येथून लांकूड नेण्यास मनाई आहे." मीं म्हटलें, "चार ओंडक्यांनीं काय होतें?" त्यांनीं मान हलविली. पाहुण्यांसमोर बापाचा शब्द मोडला याचें मला वाईट वाटलें, आणि मी दोन दिवस त्यांच्याशीं मोजकेंच बोललों. एवढेंच करून थांबलों असतों तरी बरें. परंतु झाड नेण्यास आलेल्या मजुरांकडून सालीसकट एक हातभर ओंडका मागून घेऊन मीं तो गॅरेजच्या कोपऱ्यांत ठेवून दिला. पांढऱ्या शुभ्र लांकडाचा पोळपाट सुरेख होईल, असा माझा विचार होता. घरांत कोणास सांगितलें नाहीं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत मी कांहीं कामासाठीं गॅरेजमध्यें गेलों. खिडकीच्या कांचेवर कोवळें ऊन पडलें होतें व त्यांत कांहींतरी हिरवें चमकत होतें. जवळ जाऊन पाहिलें. सात पाचूभुंगेरे कांचेवर चढत होते, घसरत होते, पुन्हां चढत होते. बाहेरच्या झाडांकडे त्यांची ओढ होती. ओंडक्याच्या सालीवर ताजीं अर्धचंद्राकृति भोंकें होतीं.

मी तेथेंच बसलों. मनांत आलें, "चार ओंडक्यांनीं काय होतें" असें विचारलें होतें ना? एका ओंडक्यांतून हे सात. ते मित्र माझा शब्द मानून गेले असते तर हे सात त्या जिल्ह्यांत उजाडले असते, आणि तेथील रान उद्ध्वस्त झाल्यावर कोणासहि कळलें नसतें कीं, याचा आरंभ एका काटकसरी मास्तरानें केला. हा कीटक आपल्या पंखांनीं सहसा फार दूर जात नाहीं; शेंकडों मैलांचा प्रवास तो करतो तो माणसाच्या गाडींतून. डेट्रॉइटपासून जेथें जेथें तो उडी मारून गेला, तेथें पुष्कळदां कोणीतरी माझ्यासारखाच सज्जन, सरपण वांचविणारा मनुष्य असला पाहिजे.

मीं सूनबाईस हांक मारली. तिनें कांचेची बरणी आणली. जन्मभर मुंगीस वाट करून देणाऱ्या माझ्या हातांनीं तीं सात चिमुकलीं रत्नें बरणींत भरलीं, आणि त्यांचा शेवट आम्हीं केला. तें पाप कीं पुण्य याचा निर्णय शास्त्र्यांवर सोंपवितों. ओंडका त्याच दिवशीं उद्यान मंडळाच्या मनुष्यानें नेला. संध्याकाळीं चिरंजीव घरीं येतांच मीं सर्व सांगितलें व म्हटलें, "त्या दिवशीं तुझें बरोबर होतें." ते कांहींच बोलले नाहींत. आंत गेले आणि माझ्यासाठीं स्वतः चहा करून घेऊन आले.

त्याच आठवड्यांत मागील अंगणांतील अॅशला पहिली औषधाची मात्रा दिली. त्याचा पानोरा अद्याप भरलेला होता. पुढें जानेवारी २०२१ मध्यें अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें या कीटकासंबंधीची देशव्यापी मनाई उठविली. कीटक हरला म्हणून नव्हे, तर तो इतका पसरला होता कीं कुंपणास अर्थ उरला नाहीं म्हणून. सरपण जेथें घ्यावें तेथेंच जाळावें, हा उपदेश मात्र कायम आहे. झाडें गेल्यानें काय जातें, हें पाहण्याचाहि प्रयत्न झाला. तेथील पंधरा राज्यांच्या अभ्यासांत, जेथें हा कीटक पसरला तेथें हृदयाच्या व श्वासाच्या विकारांनीं अधिक मृत्यु झाल्याचें २०१३ सालीं दाखविण्यांत आलें. एवढ्यावरून झाड गेलें म्हणून अमुक मनुष्य मेला असें सिद्ध होत नाहीं. परंतु दारची सांवली ही केवळ शोभा नव्हे, असें मानण्यास तो आधार पुरेसा आहे.

आपल्याकडे असे पाहुणे येत नाहींत असें कोणी समजूं नये. मेक्सिकोकडील पिठ्या ढेकूण २००८ सालीं कोइंबतूर येथें पपईवर दिसला व महाराष्ट्रापर्यंत पसरला. पपई, तुती व बागेंतील कितीतरी झाडें त्यानें पांढरीं केलीं. अंगावरच्या मेणकट पिठामुळें फवारे त्यास लागेनात. उलट त्याचे शत्रु मात्र त्या फवाऱ्यांनीं मरूं लागले. शेवटीं २०१० सालीं बंगळूरच्या राष्ट्रीय कीटकसंस्थेनें पोर्टो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणवून सोडल्या, आणि थोड्याच काळांत तो आटोक्यांत आला. वेळीं ओळख पटली म्हणूनच हें झालें.

म्हणून गृहस्थाश्रमी वाचकांस चार गोष्टी सुचवितों. मुलेंबाळें परदेशीं असतात. येतांजातांना सामानांत हौसेनें रोप, कलम, बीं किंवा साल असलेलें लांकूड आणूं नये. वनस्पतींच्या आयातीसंबंधीं आपल्याकडे २००३ सालचा आदेश आहे. परवाना व तपासणी यांवांचून तीं आणतां येत नाहींत, आणि तो नियम केवळ कागदी नव्हे. परदेशांतून लांकडी खोकें आलें तर त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आहे कीं नाहीं तें पाहावें; लांकूड तापवून अथवा धुरी देऊन निर्जंतुक केल्याची ती खूण आहे. दारच्या झाडाकडे महिन्यांतून एकदां मुलांना घेऊन मान वर करून पाहावें. शेंडा वाळला, भुसा पडला, चीक गळला, तर फवारा आणण्यापूर्वीं कृषि महाविद्यालयांतील अगर नगरपालिकेच्या उद्यान विभागांतील जाणत्यास दाखवावें. आणि वाड्यांत, सोसायटींत किंवा रस्त्यावर झाडें लावतांना एकाच जातीची रांग लावण्याचा मोह आंवरावा.

हा शेवटचा विचार कांहीं परका नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय घातला आहे. बागेंत अगर घराशीं प्रथम कोणतीं झाडें लावावीं हें सांगतांना त्यानें एकाचें नांव घेतलें नाहीं. अरिष्ट, अशोक, पुन्नाग, शिरीष व प्रियंगु अशीं पांच सांगितलीं. दोन झाडांत वीस हातांचें अंतर उत्तम म्हटलें, आणि रोगी झाडाचीं लक्षणें सांगून आधीं शस्त्रानें सडका भाग काढावा असें लिहिलें. हा अध्याय मीं कितीदां वाचला होता. पण पांच नांवें पाठ केलीं, पांच कां हें विचारलें नाहीं.

मिनिआपोलिसच्या त्या रस्त्यावर आतां शेजारीशेजारी निरनिराळ्या जातींचीं झाडें उभीं आहेत. ओळ पूर्वीसारखी सरळ व एकसारखी दिसत नाहीं, असें चिरंजीव लिहितात. मागील अंगणांतला अॅश दर दोन वर्षांनीं औषध घेतो व अजून हिरवा आहे. नातीनें गेल्या उन्हाळ्यांत त्याच्या बुंध्याचें छायाचित्र पाठविलें आणि खालीं लिहिलें: "आजोबा, साल तपासली. एकहि अवग्रह नाहीं."